दीडपट

रेघ वाकलेली होती. फार नाही, डावीकडून सरळ निघायची, मधोमध आली की कुणी खालून बोट लावल्यासारखी जराशी वर उचलली जायची, आणि पुढं पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात सरळ. तीन आठवडे तो ती स्क्रीनवर बघत होता. त्यानं बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, नोंदवला होता, नेमकं कुठे आणि कधी दिसतं ते लिहून, आणि बग परत आला होता. त्यानं तो पुन्हा पाठवला, तो पुन्हा आला. आज सकाळी खुर्चीत बसून पाण्याची बाटली उघडायच्या आत त्यानं पाहिलं, तर तिसऱ्यांदा परत आलेला, आणि खाली तेच उत्तर: आमच्याकडे दिसत नाही. कुणी तोंडावर खोटारडा म्हटलं असतं तरी त्याला इतकं लागलं नसतं. त्याच्या धंद्यात ह्याहून स्वस्त उत्तर नव्हतं. बघायचं नसलं की दिसत नाही, असं तो नव्या लोकांना सांगायचा, आणि ते हसायचे, कारण हे सांगताना तो नेमका चष्मा काढून पुसत असायचा.

त्याचं काम सांगायला सोपं आणि समजवायला अवघड. कॉम्प्युटर चालू केल्यावर समोर जे काही उमटतं, विंडो, बटनं, अक्षरं, कोपऱ्यातलं घड्याळ, ते सगळं स्क्रीनवर मापात बसतंय की नाही हे तपासायचं. पूर्वी ह्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. स्क्रीनचे ठिपके जाडेभरडे असायचे. बटन चोवीस ठिपक्यांचं म्हटलं की चोवीस ठिपक्यांचं, विषय संपला. मग ठिपके बारीक होत गेले, इतके की तेच बटन नव्या स्क्रीनवर मुंगीएवढं दिसायला लागलं. तेव्हा सगळं मोठं करून दाखवणं आलं. दुप्पट करायचं असेल तर त्रास नाही: एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके, दोन आडवे दोन उभे, रेघ रेघच राहते. घोडं अडतं ते दीडपटीपाशी. आणि लोकांना हवी असते नेमकी दीडपट, कारण एकपट डोळ्यांना पुरत नाही आणि दुप्पट केलं की स्क्रीनवर काही मावत नाही. एका ठिपक्याची रेघ दीडपट केली की ती दीड ठिपक्याची होते, आणि अर्धा ठिपका तर अस्तित्वातच नसतो. कुणी तो उरलेला अर्धा टाकून देतं, रेघ बारीक होते. कुणी पूर्ण धरतं, रेघ जाड होते. कुणी त्याला काळ्यापांढऱ्याच्या मधला करडा रंग देऊन वेळ मारून नेतं, रेघ पुसट होते. जुन्या प्रोग्रॅमना तर ह्यातलं काही ठाऊकच नसतं. त्यांचं तयार चित्र सिस्टिम नुसतं ताणते, आणि सगळंच धुकट दिसतं. असल्या तडजोडी बघण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. कुठली चालेल आणि कुठली चालणार नाही हे तो सांगायचा, आणि तो सांगेल ते कंपनीत चालायचं.

ऑफिसात त्याला घार म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि त्यानं ते कधी अंगाला लावून घेतलं नाही; खरं तर मनातून त्याला ते आवडायचं. दुसऱ्याच्या खांद्यावरून, उभ्याउभ्या, चहाचा कप हातात धरून तो एका ठिपक्याचा फरक सांगायचा. पण गेले काही महिने त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवरचं माप हळूहळू वाढत चाललं होतं. आधी सव्वापट, मग दीडपट, मग पावणेदोनपट. कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, टेस्टिंग चाललंय. टेस्टिंगच्या नावाखाली काहीही खपायचं. एकदा मीटिंगमध्ये त्यानं आपला लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला जोडला, आणि अक्षरं एवढाली उमटली की टीमच्या प्रमुखानं विचारलं, हे समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांसाठी आहे का. सगळे हसले, तोही हसला. जागेवर परत आल्यावर त्यानं माप कमी केलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत डोळे ताणून बसला, आणि मग गुपचूप पुन्हा वाढवलं.

त्या दिवशी त्याला वडिलांची आठवण झाली होती. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी आधी पांढरी करून वाळवायची, मग खडूची भुकटी लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधे टिचकी मारायची, की लाकडावर केसासारखी सरळ निळी रेघ उमटायची. त्या रेघेवर अक्षरं उभी राहायची. हा तेव्हा शाळेत होता. वडील त्याला पाटीच्या टोकाशी उभं करायचे, एक डोळा मिटायला लावायचे आणि विचारायचे, सरळ आहे? एक डोळा मिटून लाकडाच्या धारेवरून बघितलं की रेघ किती का लांब असेना, तिची सगळी लबाडी कळायची. सरळ आहे म्हटलं की वडील पुढं काही न विचारता ब्रश बुडवायचे. एवढा मोठा माणूस आपल्या शब्दावर काम करतो ह्याची त्याला तेव्हा छाती फुगेस्तोवर ऐट वाटायची. पुढं पुढं वडिलांची अक्षरं मोठी होत गेली. गिऱ्हाइकं कुरकुरायची, की अहो, नाव एवढं मोठं झालं तर पत्ता कुठे घालायचा. लांबून दिसायला पाहिजे, वडील म्हणायचे. तो तेव्हा कॉलेजात होता आणि वडिलांना जुन्या वळणाचे समजत होता; ते लांबून कुणाला दिसायला पाहिजे होतं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. शेवटच्या पाटीवरची अक्षरं तर काठाला जाऊन टेकली होती.

ज्या मुलीकडे रेघांचं काम होतं ती त्याच्यापासून चार टेबलं सोडून बसायची. नव्याची जुनी झालेली, कमी बोलणारी, कानात कायम काहीतरी घातलेली. तिनं त्याच्या बगवर पहिल्यांदा सगळा हिशेब नव्यानं मांडला होता. दुसऱ्यांदा रेघ काढायची पद्धतच बदलली होती: सगळं आधी दुप्पट काढायचं आणि मग ते तयार चित्र दीडपटीवर आणायचं. तिसऱ्यांदा तिनं काय केलं ते त्याला माहीत नव्हतं, पण तिचे डोळे दोन दिवस लाल होते. आणि मागच्या मीटिंगमध्ये तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, की प्रोग्रॅम लिहायच्या आधी बघायला शिकलं पाहिजे. ती पेनचं टोपण काढून लावत राहिली.

घरी सांगायला कुणी असतं तर त्यानं सांगितलं असतं, की आज मी एका पोरीला जास्तच बोललो. पण बायको दुसऱ्या शहरात होती. नोकरीला होती, लोकांना सांगताना तो 'नोकरीला' हा शब्द आधी घालायचा. पिण्याचं पाणी तपासणाऱ्या लॅबची ती प्रमुख होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेली, दोनाची चार झाली, चाराची सात झाली, आणि मधे कुठेही भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर निदान कुणी काही बोललं तरी असतं. सुरुवातीला ती दर पंधरवड्याला यायची, मग महिन्यानं, मग काही निमित्त असलं की. प्रत्येक वेळी जाताना एखादी वस्तू सोबत न्यायची: इस्त्री, मग शिलाईमशीन, मग गॅलरीतली वेताची खुर्ची. तो स्वतः ती खुर्ची गाडीत घालून स्टेशनवर पोचवून आला होता. त्याच्या कामात एक नियम होता. दोन स्क्रीन शेजारीशेजारी, एक बारीक ठिपक्यांची, एक जाड. विंडो एकीवरून दुसरीवर ओढली की मधे ती अर्धी इकडे अर्धी तिकडे होते. तिला माप कुठलं लावायचं? जिच्यावर निम्म्याहून जास्त, तिचं. तोवर तिकडे गेलेला भाग बेढब दिसला तरी चालवून घ्यायचा. निम्मं ओलांडलं की एका झटक्यात सगळी विंडो नवं माप घेते. तो क्षण त्यानं ऑफिसात हजारदा तपासला होता. घरात तो क्षण कधी येऊन गेला हे त्याला कळलं नव्हतं, आणि विचारायची त्याला भीती वाटत होती. परत ये म्हणणं म्हणजे तिच्या कामाला कमी लेखणं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. हे ठरवणं त्याला सोयीचं होतं हेही त्याला आतून माहीत होतं.

दर बुधवारी संध्याकाळी ती दोघं व्हिडिओवर बोलायची. गेले दोनअडीच महिने तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. मधोमध, नाकडोळ्यांपाशी, ओल्या रंगावर बोट फिरवल्यासारखं काहीतरी. तुझं नेट खराब आहे, तो म्हणायचा. ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. तरी तेच. मग तिनं राउटर बदलून घेतला. कॅमेरा पुसला. शेवटी एक टेबललॅम्प आणून थेट तोंडासमोर ठेवला. आता, असं विचारून ती तो दिवा इकडेतिकडे करायची, आणि तो म्हणायचा, जरा बरं आहे. मग दोघं उकाड्याचं, लिफ्टच्या दुरुस्तीचं, इकडच्यातिकडच्या औषधांचं बोलायची आणि फोन ठेवायची. ठेवल्यावर खोली एकदम मोठी व्हायची. तो उगाच टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे पाठ करून भांडी घासायचा.

तर आज बुधवार होता, आणि रेघ तिसऱ्यांदा परत आली होती. त्यानं ठरवलं, आता सोक्षमोक्ष. त्याच्याकडे स्वतः बनवलेलं एक चित्र होतं: एकेका ठिपक्याच्या उभ्याआडव्या रेघांची जाळी, दुसरं काही नाही. मापात जरा जरी गफलत असली की त्या जाळीत लहर उठायची, आणि मग समोरच्याची बोलती बंद व्हायची. त्यानं जाळी उघडली. मधोमध लहर होती, ठसठशीत. त्याला आनंद झाला. आता तिला बोलवायचं, खुर्चीत बसवायचं आणि काही न बोलता बोट दाखवायचं. पण बोलवायच्या आधी एकेक गोष्ट बदलून बघायची त्याची सवय होती. त्यानं विंडो डाव्या स्क्रीनवर ओढली, लहर तिथेही. केबल बदलली, लहर होतीच. माप एकपट केलं, तीच लहर. मग त्यानं माप दुप्पट केलं आणि तो थांबला, कारण दुप्पट मापात लहर येणं शक्यच नाही. तिथे अर्धं काही उरतच नाही. तिथेही जाळी मधोमध उचललेली होती. त्यानं नजर जाळीच्या कोपऱ्याकडे नेली, तर लहर कोपऱ्यात गेली. खाली नेली, खाली आली. पाळलेल्या मांजरासारखी ती त्याच्या मागे मागे येत होती. त्यानं मान वर करून छताकडे पाहिलं. ऑफिसचं छत पांढऱ्या चौकोनी तुकड्यांचं होतं, त्यांच्या मधे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. कितीतरी वर्षं त्याच्या डोक्यावर ते होतं आणि त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्या पट्ट्यासुद्धा, तो बघेल तिथे, कुणीतरी वरून दाबल्यासारख्या वाकत होत्या.

मग जुनी सवय आपोआप वर आली. पाटीच्या टोकाशी उभं राहिल्यासारखी त्यानं मान तिरपी केली आणि उजवा डोळा मिटला. छत सरळ झालं. एकूण एक पट्टी सरळ, कोपऱ्यापर्यंत. त्यानं तो उघडून डावा मिटला. मधोमध करडा डाग, आणि डागाभोवती सगळ्या रेघा गोळा होऊन वाकलेल्या. पुन्हा उजवा मिटला, पुन्हा डावा. शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच्याकडे बघून हसला. त्या माणसाला वाटलं, घार डोळे मारतेय. तोही हसला.

बग बंद करायला त्याला एक मिनिट लागलं. कारण लिहायच्या जागी त्यानं लिहिलं, 'दोष नाही', आणि पुढं काही लिहवेना. थोड्या वेळानं ती मुलगी त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. कानातलं काढून तिनं मुठीत धरलं होतं. तिचा आवाज शांत होता.

"सर, मग मी तीन वेळा काय दुरुस्त केलं?"

काही नाही, तो म्हणाला, पहिलं होतं तेच बरोबर होतं. ती वाट बघत राहिली. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात होतं. लहानसं, साधं वाक्य. पण ते बोललं की घार संपली. उद्यापासून कुणी त्याला खांद्यावरून बघायला बोलावणार नाही, आणि बोलावलं तर ते दयेनं. त्यानं स्क्रीनकडे बघितलं, जणू तिथे काही तातडीचं आलंय. ती ठीक आहे म्हणाली आणि गेली, आणि जाताना तिनं खुर्ची हळूच आत सरकवली. तिनं ती आपटली असती तर त्याला सोसलं असतं. डोकं दुखतंय म्हणून प्रमुखाला सांगून तो वेळेआधी निघाला.

रस्त्यावर सगळंच वाकलं होतं, आता माहीत झाल्यावर. दिव्याचे खांब, दुकानांची शटर, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे. काल हे सरळ होतं का? काल त्यानं बघितलं नव्हतं. काल त्याला खात्री होती. समोरून येणाऱ्या एका माणसाला नाकच नव्हतं, आणि तो जवळ आला तेव्हा त्याला नाक आलं आणि तोंड गेलं. त्याला हसू यायला हवं होतं. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं, तिथे तो शिरला. डोळे तपासणाऱ्या बाईंनी आधी अक्षरं वाचून घेतली, मग भिंग लावून बराच वेळ आत पाहिलं, आणि मग ड्रॉवरमधून एक कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. पांढऱ्यावर काळ्या उभ्याआडव्या रेघा, मधे एक ठिपका. एक डोळा झाका आणि मधल्या ठिपक्याकडे बघा, त्या म्हणाल्या. ती त्याची जाळी होती. त्यानं एवढ्या अभिमानानं बनवलेली, बोलती बंद करणारी जाळी, डोळ्यांच्या दुकानात कुठल्याही ड्रॉवरमध्ये पडलेली असते. रेघा कशा दिसतात, बाईंनी विचारलं. त्यानं नेमकं सांगितलं: कुठे सुरू होतं, किती उचलतं, कुठे संपतं. इतकं नीट कुणी सांगत नाही, बाई म्हणाल्या, आणि त्याला ह्याही क्षणी बरं वाटलं ह्याची लाज वाटली.

डोळ्याच्या मागे सूज दिसतेय, बाईंनी सांगितलं. लवकर इंजेक्शनं सुरू झाली तर आहे ती नजर टिकते, कधी थोडी परतही येते; थांबलं तर मधला डाग वाढत जातो. त्यांनी स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला आणि शुक्रवारी सकाळची वेळ घेतली. मग फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, की तिथे थेंब घालतात, इंजेक्शनही कदाचित त्याच दिवशी देतील, नंतर काही तास धड दिसत नाही. सोबत माणूस लागतो. एकट्याला आत घेत नाहीत.

"कुणी आहे ना?"

"आहे," तो म्हणाला. बाईंनी फोनवर सांगितलं, हो, आहेत बरोबर कुणीतरी.

बसस्टॉपवर तो ते कुणीतरी शोधत बसला. शेजारचे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटायचे आणि कितवा मजला एवढंच दोघांना एकमेकांबद्दल ठाऊक होतं. टीमच्या प्रमुखाला सांगितलं की उद्या दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. शाळेतला एक जिवलग मित्र होता, पण त्याला शेवटचा फोन कधी केला हे आठवेना, आणि इतक्या वर्षांनी पहिला फोन काय म्हणून करायचा, की मला हॉस्पिटलात घेऊन चल? त्या मुलीला विचारायचं तर कुठल्या तोंडानं. त्यानं मोबाइल काढला, अक्षरं होतील तेवढी मोठी केली आणि तिला लिहिलं, की रेघ पहिल्यापासून सरळ होती, माझा डोळा बिघडलाय. एवढ्याशा वाक्यानं सगळी स्क्रीन भरली. त्यानं ते पाठवलं नाही. बायकोचा विचार त्यानं सगळ्यात शेवटी केला, आणि तिचा विचार शेवटी आला हेच त्याला सगळ्यात जास्त लागलं. सात वर्षांत त्यानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. त्याला तो आपला मोठेपणा वाटायचा. आता पहिल्यांदा मागायचं, आणि तिनं म्हणायचं, अरे, शुक्रवारी नेमकी लॅबची तपासणी आहे. मग काय राहिलं? मागितलं नाही तोवर निदान नाही म्हटलेलं नसतं. बस आली. दाराशी आला तेव्हा पायरी कुठे आहे ते त्याला पाऊल टाकून बघावं लागलं.

घराखाली त्यांची गाडी ताडपत्रीखाली उभी होती. ती गेल्यापासून तो ऑफिसला बसनंच जायचा. गाडी तिची होती, चालवायला तिलाच आवडायची. वर येऊन त्यानं दिवे लावले, चहा केला, तो प्यायचा विसरला. ठरल्या वेळी तिचा फोन आला. तिनं आधीच दिवा तोंडासमोर ओढून घेतला होता, एवढा जवळ की तिच्यामागची भिंत काळी दिसत होती. वेताच्या खुर्चीची पाठ तिच्या खांद्यामागे होती.

"आता तरी दिसतंय का रे?"

दिसतंय म्हणून पुढं उकाड्याचं बोलता आलं असतं. त्यानं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. आणि ती दिसली. अडीच महिन्यांनी ती पहिल्यांदा तिथे होती, सगळी, नाकडोळ्यांसकट. थकली होती. प्रकाशानं डोळे बारीक केले होते. आणि भुवईच्या वर, कपाळावर, एक आडवी गुलाबी खूण होती; टाके घातल्याची, भरून आलेली, नवी म्हणता येणार नाही अशी.

"हे काय लागलंय तुला?" तो म्हणाला.

तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा रागावू की रडू अशा जागी येऊन थांबला. आज दिसलं तुला, ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. लॅबच्या जिन्यावर पाणी सांडलं होतं, तिचा पाय घसरला, रेलिंगचा कोपरा लागला. दोनअडीच महिने झाले. त्या बुधवारी ती पट्टी लावून त्याच्यासमोर बसली होती, मुद्दाम लपवली नव्हती, आणि तो म्हणाला होता, नेट खराब आहे. पुढच्या बुधवारीही तेच म्हणाला.

"मला वाटलं, दिसलंय आणि विचारायचं नाहीये. म्हणून हा दिवा आणला. म्हटलं, आता तरी नाही दिसलं असं म्हणता येणार नाही ह्याला."

कोण होतं सोबत, त्यानं विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली, टॅक्सीनं गेले. तिथे टाके घालताना विचारलं, बरोबर कोण आहे. तेव्हा कपाळावर कापूस दाबून धरून तिनं सांगितलं होतं, मिस्टर खाली गाडी लावतायत. नर्स दोनदा बाहेर बघून आली. हे सांगताना ती हसली, आणि हसणं मधेच राहिलं.

मग तो बोलला. दुसरं काही जमेना म्हणून बग लिहितात तसा बोलला: काय दिसतं, कुठे दिसतं, केव्हापासून, काय काय बदलून बघितलं. नेट चांगलं होतं. राउटर चांगला होता. बिघाड माझ्याकडे आहे, उजव्या डोळ्यात. छताचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, त्या मुलीचं सांगितलं आणि आपण तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत बसलो तेही सांगितलं. तिला उद्या पहिलं सांग, बायको मधेच म्हणाली, आणि मग, पुढं बोल. शुक्रवारी बोलावलंय, तो म्हणाला. सोबत माणूस लागतो म्हणतात.

"मग कुणाला नेतोयस?"

ऑफिसातलं कुणीतरी, हे तयार होतं. जिभेवर येऊन बसलेलं, मऊ, कुणाला त्रास न देणारं. त्यानं ते गिळलं.

"तू ये," तो म्हणाला. "मी कुणाला विचारलं नाही. तू ये."

फोन अडकला असावा असं त्याला वाटलं. पण खुर्चीचा वेत करकरला, म्हणजे चालू होता. मग ती म्हणाली, थांब, आधी हा दिवा बंद करते, डोळ्यांत जातोय कधीचा. तिनं हात पुढं केला आणि स्क्रीन काळवंडली. अंधुक उजेडात ती नुसतीच कुणीतरी बसलेली दिसत होती. त्यानं डोळ्यावरचा हात काढला. मधोमध तो डाग पुन्हा आला, तिचं नाक, डोळे, ती खूण, सगळं पुसून गेलं. त्यानं हात परत वर नेला नाही.

"किती वाजता पोचायचंय?" तिनं विचारलं.

त्यानं वेळ सांगितली.

"उद्या संध्याकाळी येते," ती म्हणाली. "ताडपत्री काढून ठेव. गाडी मी लावीन."